आठ तोंडांचा साक्षीदार

मी हब बोलतोय. हौस आली म्हणून नाही. या भंगाराच्या पोत्यात माझ्या शेजारी एक मोडका वजनकाटा आहे, त्याने डोकं खाल्लं म्हणून. हल्ली तुटकी छत्री काय, फुटकी पाटी काय, जो उठतो तो स्वतःची कहाणी सांगत सुटतो. मला ते आवडत नाही. पण काटा म्हणाला, "तुझ्या नावावर एका बाईची नोकरी गेलीय, ते तरी सांग." तेवढं मात्र सांगायला पाहिजे.

आधी मी काय आहे ते ऐका. मी एक पत्र्याचा चपटा डबा. मला आठ तोंडं आहेत. प्रत्येक तोंडात एका कॉम्प्युटरची वायर. एका तोंडाने जे ऐकू येईल ते उरलेल्या सात तोंडांनी ओरडायचं, एवढंच माझं शिक्षण. कोणाचा निरोप कोणासाठी आहे, हे मला कळत नाही. ज्याचा असेल त्याने घ्यावा, बाकीच्यांनी कानाडोळा करावा. कारखान्यात मला एवढंच शिकवलं आणि खोक्यात भरून पाठवून दिलं.

मी आलो तो एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये. पुढे काउंटर, मागे काचेच्या नळ्या आणि फ्रिज, मधल्या अरुंद खोलीत कॉम्प्युटर. मला त्या खोलीच्या भिंतीवर ठोकलं होतं, घड्याळाच्या खाली. मालकीण म्हणजे डॉक्टरीणबाई. स्वभावाने वाईट नव्हत्या, पण कोणी मोठ्याने बोललं की खऱ्याचं खोटं मानून मोकळ्या व्हायच्या. काउंटरवर त्यांचा थोरला भाऊ. डॉक्टरीणबाईंची मुलं त्याला मामा म्हणायची, म्हणून आलेगेलेही मामाच म्हणायचे. मधल्या खोलीतल्या त्यांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरची वायर माझ्या पाचव्या तोंडात. आणि तिसऱ्या तोंडात वहिनींची. वहिनी रिपोर्ट टाइप करायच्या. घरी अंथरुणाला खिळलेली सासू, नवरा परगावी जाऊन परत न आलेला. पण तोंड कधी वाकडं नाही. उलट मलाच टोमणे मारायच्या. "काय रे डब्या, किती डोळे मिचकावतोस? पेशंट बायका बसल्यात बाहेर." माझे दिवे लुकलुकायचे त्यावरून.

मग स्विच आला. दिसायला माझ्यासारखाच, पण शिकलेला. तो निरोप नेमका ज्याचा त्यालाच पोचवतो, बाकीच्यांना काही ऐकू देत नाही. मला काढून माळ्यावर टाकलं, रिकाम्या खोक्यांच्या मागे. धूळ खात किती वर्षं पडलो ते मोजलं नाही. मोजून करायचं काय होतं?

एक दिवस खाली आरडाओरडा ऐकू आला. शाळेच्या बसचा ड्रायव्हर आला होता. त्याची साखर वाढलेली निघाली होती.

"माझा रिपोर्ट मला संध्याकाळी मिळाला," तो म्हणत होता, "आणि आमच्या साहेबांना दुपारीच कसा कळला? मी रिपोर्ट न्यायच्या आधीच माझी बसची चावी काढून घेतली त्यांनी. मी दुसरं काय चालवू आता, हातगाडी?"

मामा म्हणाले, "तुम्हीच कोणाला बोलला असाल."

"मला माहीत असतं तर बोललो असतो ना."

त्याच्या आधीही दोघातिघांची अशीच तक्रार झाली होती. डॉक्टरीणबाई घाबरल्या. रिपोर्ट बाहेर जातात ही बातमी पसरली तर लॅबला टाळं. त्यांनी नेटवर्कवाल्याला बोलावलं. चांगला इस्त्रीचा शर्ट, कमरेला चाव्यांचा जुडगा, बोलायच्या आधी घसा खाकरायची सवय. तो म्हणाला, "मॅडम, आतल्या वायरींतून काय जातं ते बघू. लॅपटॉपवर पॅकेट स्निफर लावतो. जो काही निरोप जाईल तो पडद्यावर दिसेल, कुठून निघाला आणि कुठे गेला."

पण स्विच त्याला काही ऐकू देईना. मग याला आठवलं की ओरडणारा म्हातारा लागेल. मला माळ्यावरून खाली काढलं, फुंकर मारली आणि पुन्हा भिंतीवर टांगलं. बाकीच्या वायरी आपापल्या जुन्याच तोंडांत, आठव्या तोंडात त्याचा लॅपटॉप. बाकीचे कॉम्प्युटर आपापलं घेतात आणि दुसऱ्याचं सोडून देतात. तो लॅपटॉप काहीच सोडत नव्हता. कुत्रं हुंगतं तसं सगळं हुंगत बसायचा. मला ते पटलं नाही, पण मला कोण विचारतं?

आता चूक कुठे झाली ते नीट ऐका. लॅबमध्ये पेशंटला टोकन देतात. जो आधी येईल त्याला आधीचा नंबर. तिथला राऊटरही कॉम्प्युटरना तसेच नंबर वाटायचा. संध्याकाळी मेन बटण बंद केलं की तो सगळं विसरायचा आणि सकाळी पुन्हा पहिल्यापासून वाटप. वहिनी रोज सगळ्यांच्या आधी यायच्या, म्हणून त्यांच्या कॉम्प्युटरला रोज दोन नंबर मिळायचा. एक नंबर राऊटर स्वतःकडेच ठेवायचा. नेटवर्कवाल्याने आल्या दिवशी ते बघितलं आणि वहिनींच्या कॉम्प्युटरवर चिठ्ठी चिकटवली. दोन नंबर. काम संपलं.

पुढे एके दिवशी वहिनींच्या सासूबाई पलंगावरून पडल्या. वहिनींना यायला उशीर झाला. आधी मामा आले, मामांचा कॉम्प्युटर आधी चालू झाला आणि दोन नंबर त्याला गेला. वहिनी धापा टाकत आल्या, त्यांना तीन मिळाला. कोणाला पत्ताही नाही.

दुपारी एका शिपायाचा रिपोर्ट निघाला, त्याच्याच कंपनीच्या साहेबाकडे, खोट्या नावाने. तेव्हा असलं टपाल उघडंच जायचं. तो रिपोर्ट माझ्या पाचव्या तोंडातून आत आला आणि मी नेहमीसारखा सगळीकडे ओरडलो. स्निफरने तो पकडला. पडद्यावर उमटलं, दोन नंबरने पाठवलं.

त्याच ओळीत शेजारच्या रकान्यात आणखी एक लांबलचक नंबर होता. तो प्रत्येक कॉम्प्युटरवर कारखान्यातूनच कोरलेला येतो, अंगावरच्या जन्मखुणेसारखा. टोकन रोज बदलतं, जन्मखूण बदलत नाही. नेटवर्कवाल्याने तिकडे ढुंकूनही बघितलं नाही. चिठ्ठी होती ना चिकटवलेली.

त्याने सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवलं. "मॅडम, मी नाही सांगत. हा डबा सांगतोय. टायपिंगच्या बाईंच्या मशीनवरून गेलंय."

मी तसं सांगितलं नव्हतं. माझा पाचवा दिवा लुकलुकला होता, तिसरा नाही. मान वर करून बघायचं होतं फक्त.

वहिनी म्हणाल्या, "मॅडम, मला तो साहेब कोण तेसुद्धा माहीत नाही हो."

मामा म्हणाले, "मला तर कधीपासून शंका होती. गरज माणसाला काय काय विकायला लावते."

"मामा, तुम्ही असं बोलता? तुमच्या मुलीच्या आजारपणात मी रात्र रात्र बसले होते."

मामा टेबलावरचं पेन नीट ठेवत राहिले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वहिनी, पोलिसांत देत नाहीये, एवढं तरी समजून घ्या."

वहिनींनी खुर्चीवरची उशी घेतली, चष्मा घेतला, कान तुटलेला कप घेतला. दाराशी थांबून माझ्याकडे बघितलं. ओरडल्या नाहीत. "तुलासुद्धा मीच सापडले होय रे," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

मला आठ तोंडं आहेत. त्यातलं एकही त्या वेळी कामाचं नव्हतं.

वहिनी गेल्या तरी रिपोर्ट बाहेर जायचे थांबले नाहीत. पुन्हा तक्रार, पुन्हा नेटवर्कवाला. या वेळी मामांच्या कॉम्प्युटरला वेगळं टोकन होतं, पण जन्मखूण तीच. त्याने दोन्ही ओळी वरखाली ठेवून बघितल्या. घसा खाकरला नाही. उठला, माझ्या पाचव्या तोंडातली वायर बोटाने धरली आणि भिंतीवरून सरकत सरकत थेट मामांच्या टेबलापर्यंत गेला.

"मामा, हे तुमच्याकडून जातंय."

"दार लोटा आधी," मामा म्हणाले. दार लागल्यावर सावकाश बोलले, "आमच्या भाच्याचं हॉस्पिटल उभं राहतंय. मजल्या मजल्यावर कॉम्प्युटर. वायरिंगचं काम अजून कोणाला दिलेलं नाही."

"आणि त्या बाई?"

"त्यांना जाऊन किती दिवस झाले. लागल्या असतील कुठे तरी."

नेटवर्कवाल्याने बोटात धरलेली वायर सोडून दिली. डॉक्टरीणबाई आत आल्या. "सापडलं काही?"

त्याने घसा खाकरला. "मॅडम, हा हबच खराब आहे. जुना माल. एकाचं दुसऱ्याच्या नावावर दाखवतो."

डॉक्टरीणबाई खुर्चीत बसल्या, वहिनींच्याच. "म्हणजे वहिनी…"

"तसं ठाम नाही सांगता येणार."

"बोलावून घेऊ का त्यांना?"

"बोलावून काय सांगणार?" मामा म्हणाले. "डब्याची चूक झाली म्हणून? जगभर होईल. रिपोर्टचं मी बघतो आता, पुन्हा तक्रार येणार नाही."

डॉक्टरीणबाई वहिनींच्या कॉम्प्युटरवरची ती दोन नंबरची चिठ्ठी नखाने खरवडत बसल्या. चिठ्ठी निघाली. बोलावणं काही गेलं नाही.

मी खोटं बोललो म्हणे. अहो, खोटं बोलण्याइतकी अक्कलच मला कोणी दिलेली नाही.

माझ्या वायरी उपटल्या आणि मला पुन्हा माळ्यावर फेकलं. झाडूवाल्या मावशी खाली कोणाला तरी सांगत होत्या, तेव्हा कळलं. वहिनी दोन लॅबमध्ये नोकरीचं विचारून आल्या. तिथून इकडे फोन आला तेव्हा मामा म्हणाले, "लेखी काही नाही, पण विचार करून घ्या." त्यानंतर कोणी विचारच केला नाही. आता त्या एका धुलाईखान्यात हॉस्पिटलच्या चादरींच्या घड्या घालतात. सासूबाई गेल्या. शेजारीण अजूनही वहिनींसमोर औषधाची चिठ्ठी उलटी धरते म्हणे, वाचून बाहेर सांगतील म्हणून.

आज मी या पोत्यात आहे. पत्रा वेगळा होईल, तांबं वेगळं होईल, दिवे कोणी काढून घेईल. त्याचं मला दुःख नाही. जायचं वय झालंच होतं. फक्त तुमच्यापैकी कोणाला ती चादरींच्या घड्या घालणारी बाई भेटली, तर तिला एवढं सांगा, की डब्याने तिचं नाव घेतलं नव्हतं. निरोप पाचव्या तोंडातून आला होता.

मामांकडून मला काही नको. चोराची माफी घेऊन ठेवू कुठे? डॉक्टरीणबाईंचं देणं वहिनींशी आहे, ते त्यांनी तिथे जाऊन चुकतं करावं. माझ्याशी हिशेब आहे तो एकाचाच. ज्याने आधी माझ्या नावाने खोटं सांगितलं आणि खरं कळल्यावर मलाच खोटा ठरवलं, ज्याने माझी पाचवी वायर स्वतःच्या बोटाने टेबलापर्यंत नेली आणि तिथे सोडून दिली, तो घसा खाकरणारा नेटवर्कवाला.