बाल्कनीतली अंबाडी

नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पला अंबाडी मिळत नाही. इंडियन दुकानात मेथी मिळते, शेपू मिळतो, नशीब जोरावर असेल तर अळूही, अंबाडी नाही. म्हणून सौमित्रने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, उन्हाळ्याच्या तोंडावर एक कुंडी आणली आणि "तुझ्यासाठी अंबाडी लावलीय" म्हणाला, तेव्हा मी विरघळलेच. इतकी वर्षं संसार करूनही विरघळते, मूर्ख बाई.

पान अगदी तसंच, पंजासारखं, कडेला दाते. पाणी मी घालायचे. पण अंबाडी पुरुषभर वाढते आणि हे बेणं गुडघ्याशीच थांबलं. भाजीपुरते कोवळे शेंडे खुडायला बसले तर सौमित्र आतून धावत आला.

"अगं, खुडू नकोस! हे परत फुटत नाही."

खुडलं की भाजी दुप्पट फुटते, हे मला आईने शिकवलंय. पण म्हटलं, एवढा जीव लावतोय बिचारा, असू दे. पुढे उग्र वास सुटला, तर म्हणाला, "खालच्या मजल्यावरचा काहीतरी ओढतो." तेही मला पटलं.

मी माझ्याच गडबडीत होते. डिपेंडंट व्हिसावर आले तेव्हापासून घरातच होते. आता घरी लहान मुलं सांभाळण्याची नोंदणी मिळणार होती. त्यासाठी डच शिकले, फर्स्ट एडची परीक्षा दिली. फक्त घराची तपासणी उरली होती.

तपासायला मारयान नावाची बाई आली. सॉकेटची झाकणं, जिन्याचं फाटक, सगळं बघून खूश झाली. मग बाल्कनीत गेली आणि कुंडीपाशी वाकली.

"हे काय आहे?"

"आमच्याकडची पालेभाजी," मी कौतुकाने सांगितलं.

"नाही. हा गांजा आहे. ऑटोफ्लॉवर." तिचा आवाज रागाचा नव्हता, म्हणून जास्त लागला. "माझा भाऊ लावतो. साधं झाड दिवस लहान झाल्यावर फुलतं. ही जात वय झालं की फुलते, दिवस कितीही मोठा असो. बुटकी, बाल्कनीत मावणारी. आयुष्यच थोडं, म्हणून शेंडा मोडला की सावरायला वेळ मिळत नाही. फक्त मोठी माणसं असतील त्या घरात कुणी फारसं बघत नाही. पण इथे रांगणारी मुलं येणार आहेत."

त्या दिवशी सौमित्र धावत आला होता तो या झाडासाठी.

तेवढ्यात सौमित्र हेडफोन गळ्यात अडकवून बाहेर आला. त्याने कुंडी पाहिली, मारयानकडे पाहिलं आणि भराभर डचमध्ये सुरू झाला. घरी आम्ही कधी डच बोललो नव्हतो. मला किती कळतं, हे त्याने कधी विचारलंही नव्हतं.

"बायकोने लावलंय. तिला हौस आहे. मला झाडांतलं काही कळत नाही."

मला एकूण एक शब्द कळला.

"माझं नाव का घेतलंस?" मी मराठीत विचारलं.

तो दचकला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "अगं, माझ्या नोकरीवर आपण दोघं इथे आहोत. उगाच काही लफडं नको. तुझं काय, घरच्या घरी टाइमपास."

गांजाचं मी एखाद वेळेस गिळलं असतं. हे नाही गिळता आलं. माझी सगळी मेहनत त्याने कढीपत्त्यासारखी काढून ताटाच्या कडेला ठेवली होती, तीही माझ्यासमोर.

मी मारयानकडे वळले आणि तिच्या भाषेत, शब्द न चुकवता सांगितलं, "झाड याचं आहे. मला भाजी म्हणून दिलं. पाणी मी घातलं."



मारयानने हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाली, "माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण नोंदणी घर बघून देतात. आणि तुमचं घर एकच आहे."

"सध्या तरी," मी म्हणाले.