शेवटची वीत

लोकर जळते तेव्हा केस जळल्यासारखा वास येतो. आमच्या डोंगरात हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. माझ्या बायकोच्या चितेला तो वास आला नाही.

बाईच्या चितेला लाकडांचे सात थर लागतात, पुरुषाच्या चितेला नऊ. तिचे सात मी स्वतः मोजले. वर वुगामोला कुशीवर निजवली होती आणि तिच्या अंगावर पांढरी घोंगडी होती. मी पुरुषांमध्ये लांब बसलो होतो. तिथून घोंगडी पाहिली आणि मनात म्हटलं, हिचं एवढं तरी मागणं पुरं झालं. मग जाळ वर चढला, वारा आमच्याकडे फिरला आणि वास आला. खताच्या रिकाम्या गोण्या जाळल्या की येतो तसा.

शेजारी माझा मेव्हणा शिहा होता. बहीण गेली की भावानं सासरच्यांना चार शब्द सुनावायचे, ही आमची रीत. सकाळपासून तो सुनावत होता. बैल लहान कापला, दारू पातळ आहे, बहिणीला नीट जपली नाही. रीत म्हणून मी ऐकत होतो. पण आता तो आवाज खाली आणून म्हणाला, "दाजी, माझ्या बहिणीला प्लास्टिकमध्ये गुंडाळलीत?"

"तोंड सांभाळ. तिनं स्वतः विणलेली घोंगडी आहे ती."

"मग तिच्या मेंढ्या काय गोण्या चरत होत्या?"

आजूबाजूची माणसं जमिनीकडे बघू लागली. नाक मलाही होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अस्थी वेचायला गेलो. राखेत काळे मणी सापडले. लोकरीची राख चिमटीत धरली की भुकटी होते. हे मणी दगडावर घासले तरी फुटेनात. एक तिच्या हाडाला चिकटला होता. तो मी नखानं खरवडून काढला. चाळीस वर्षं जिच्याबरोबर एका चुलीपाशी जेवलो, तिच्या हाडावरून प्लास्टिक खरवडायची वेळ माझ्यावर आली.

ती घोंगडी विणायला तिला तीन हिवाळे लागले होते. मेंढ्या आमच्या, लोकर मी कातरलेली, सूत तिनं चातीवर कातलेलं. आमच्या मागाला पाय नसतात. ताण्याचं एक टोक घरातल्या खांबाला बांधायचं आणि दुसरं कमरपट्ट्यानं विणणारीच्या कमरेला. ती मागे रेलली की सूत ताठ होतं, पुढे वाकली की सैल पडतं. अर्धा माग म्हणजे ती बाईच असते. तीन पट्ट्या विणायच्या, जोडायच्या, खाली दशा सोडायच्या. पहिल्या दोन पट्ट्या तिनं अशा विणल्या की पाणी ओतलं तर वरच राहील.

तिसरीच्या वेळी तिच्या पोटातलं दुखणं वाढलं. मागे रेलायची ताकद राहिली नाही. मग मी तिच्या पाठीमागे बसायचो, पट्टा दोन्ही हातांनी धरायचो आणि ती सांगेल तेव्हा ओढायचो. आमच्यात पुरुष मागाला हात लावत नाही. शेजारीण दारात येऊन ओरडली, "अगं बाई! म्हातारा मागाला जुंपला!"

वुगामो म्हणाली, "जुंपलाय खरा, पण ओढ म्हटलं की डुलक्या घेतो."

असं करत एका महिन्यात शेवटची एक वीत झाली. वाकडी झाली. सूत इतकं सैल की बोट आरपार जाईल. ती म्हणाली, "उसवून टाकू का?" मी नको म्हटलं. ती बराच वेळ त्या वितीवरून हात फिरवत बसली. मग म्हणाली, "मला जाताना हीच घाला. तिकडे माझी आई विचारेल. मी सांगेन, एवढी माझी आणि ही वाकडी वीत त्याची." मी हो म्हटलं. तिनं माझ्याकडे मागितलेली ती शेवटची गोष्ट.

अंगावर घोंगडी घालायचं काम सुनेनं केलं होतं. तिला विचारलं तर ती रडायला लागली आणि म्हणाली, "यांना विचारा." हे म्हणजे माझा मुलगा लाबो. खाली मोठ्या रस्त्यावर त्याची खानावळ आहे. बाहेरगावचे लोक तिथे थांबतात, जेवतात, फोटो काढतात. मी निघालो तसा शिहाही निघाला. म्हणाला, "मी येतो. तुम्हाला राग येतो, पण बोलता येत नाही."

आत गेलो तर शहरातली एक बाई खांद्यावर पांढरी घोंगडी घेऊन उभी होती. हातात कुट्टूची भाकरी, तोंड हसरं, नवरा फोटो काढतोय. दशा जमिनीवर लोळत होत्या. लांबूनच मला त्या दशांच्या गाठी ओळखू आल्या.

लाबोनं बाईच्या अंगावरून ती काढली आणि घाईघाईनं भिंतीवरच्या खिळ्यांना अडकवली. म्हणाला, "बा, बस ना. मामा, बसा. आंबट सार गरम आहे."

"ही इथे कशी?"

"बा, ऐक तर. तीन वर्षांची आईची मेहनत. जाळून काय मिळालं असतं? बाजारातली घातली, तीही पांढरीच होती. कुणाला कळलं?"

शिहा म्हणाला, "माझ्या नाकाला कळलं."

"मामा, तुम्ही मध्ये पडू नका. बा, इथे रोज माणसं ती बघतील, वाखाणतील. आईचं नाव राहील."

"कुठे आहे नाव?"

खाली एक पाटी होती. मी ती दोनदा वाचली. 'डोंगरी स्त्रियांची पारंपरिक हस्तकला', एवढंच. लाबो म्हणाला, "ते लिहायचं राहिलंय."

मी घोंगडी खाली घेतली. एका बाजूची कड आत दुमडून चार टाके घातले होते. उलगडून पाहिलं, तर ती वीत.

"ही आत का दडवलीस?"

"वाकडी आहे बा. बरी दिसत नव्हती."

मी आजवर मुलावर हात उचलला नाही, तेव्हाही नाही उचलला. पण खानावळीतली सगळी माणसं जेवायची थांबतील एवढ्या आवाजात विचारलं, "ही वीत विणायला तुझ्या आईला महिना लागला. त्या महिन्यात तू किती वेळा घरी आलास?"

"दोनदा."

"एकदा. दुसऱ्यांदा तू बटाटे न्यायला आला होतास."

लाबोनं मान खाली घातली. मी म्हटलं, "मान तशीच राहू दे." मी टाके दातांनी तोडले.

बाहेर आल्यावर शिहा म्हणाला, "दाजी, चला, चितेच्या जागी नेऊन जाळू. अजून उशीर झालेला नाही."

"कुणाच्या अंगावर? रिकामी घोंगडी एकटी तिकडची वाट चालत नाही. कुणीतरी घालून न्यावी लागते." असं म्हणून मी ती खांद्यावर घेतली आणि दारात उभ्या लाबोला हाक मारली. "मी गेलो की नऊ थर रच, नाहीतर पाच रच. बैल काप, नाहीतर नको कापू. पण माझ्या अंगावर ही घालायची. शिहा, तू धुराच्या बाजूला उभं राहायचं. केसांचा वास आला तर मुकाट घरी जा. गोणीचा आला तर हा तुझा भाचा आणि तू."

शिहानं नाक पुसलं. "आणि मी आधी गेलो तर?"

"जायचं नाही. तुला काम आहे."

तेव्हापासून ही माझ्या अंगावरून उतरलेली नाही. मेंढ्यांमागे जातो तेव्हा असते, निजतो तेव्हाही असते. काढून ठेवायला मला आता कुणाचा भरवसा नाही. परवा लाबोनं बाजारातली नवी घोंगडी पाठवली, ऊबदार असते म्हणून. ती मी कुत्र्याखाली टाकली. कुत्रा उठून बाजूला जाऊन बसला.

त्या शेवटच्या वितीतून अंगाला वारा लागतो. लागू दे.