एका नाण्यात शेवटपर्यंत

मित्रांनो, मी जपानमधल्या याइझू बंदरातल्या एका लहान दुकानातला जुना व्हिडिओ गेम आहे. नाणे टाकायचे, दांडा धरायचा आणि इवल्याशा विमानाने शत्रूची विमाने पाडायची, एवढाच माझा संसार. थोड्या वेळात माझी वीज तोडणार आहेत आणि मला भंगारात काढणार आहेत. म्हणून घाईघाईत सांगतो आहे, इकडचे तिकडे झाले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म ओसाकाच्या एका कारखान्यात झाला. मला घडवणारे हुशार होते, पण भारी खट. त्यांनी माझ्या पोटात एक खोड घालून ठेवली. समोरचा जितका चांगला खेळेल, तितका मी कठीण होत जातो. जो धडपडतो त्याची मी गय करतो आणि जो चुकतच नाही त्याच्या अंगावर गोळ्यांचा नुसता मारा करतो. हा काय न्याय झाला? पण स्वभाव मला विचारून कोणी दिला नाही.

सुरुवातीला मला फार भाव होता. माणसे माझ्यामागे हाताची घडी घालून उभी राहत. खेळ चालू असताना कोणी बोलायचे नाही, यंत्राला हात लावायचा नाही, हा इथला रिवाज. एका नाण्यात मिळालेली विमाने संपली की दुसरे नाणे टाकून तिथूनच पुढे जाता येते, पण आमच्या दुकानात त्याला कोणी जिंकणे म्हणत नसे. एका नाण्यात शेवट गाठला तरच तो शेवट. आणि माझा शेवट इथे कोणीच पाहिला नव्हता.

मग नवी यंत्रे आली आणि मी कोपऱ्यात गेलो. माझा पडदा मिणमिणू लागला. मालकीण तोमिनो आजी दुरुस्तीला माणूस बोलावण्याऐवजी माझ्या कुशीत एक गुद्दा घालायची. चित्र परत यायचे, कधी मात्र चालू खेळच पुसला जायचा. दुखणे होते तिथेच राहिले.

माझ्याकडे येणारी एकच उरली, हिसाए. ती मासे वाळवण्याच्या कारखान्यात काम करते, बोटांना कायम धुराचा वास. शाळा अर्ध्यावर सुटली, लग्न अर्ध्यावर मोडले. "निदान हा खेळ तरी शेवटाला जाऊ दे," असे ती नाणे टाकताना पुटपुटायची. खेळायची इतकी सुरेख, आणि तेच तिच्या मुळावर यायचे. एकही विमान न गमावता ती शेवटच्या राक्षसी जहाजापर्यंत पोचायची. तोवर मी असा खवळलेला असायचो की तिची सगळी विमाने एकामागून एक चिरडून टाकायचो. मला रडता येत नाही, हे एका परीने बरेच आहे.

तिच्या मागे उभा असायचा तो इवाओ काका, आयुष्य मासेमारीत घालवलेला खलाशी. खेळ संपला की त्याची जीभ सुटायची.

"अगं, मधेच एकदा मर की! जहाजाआधी मेलीस की हा जरा थंड होतो, वर दोन बॉम्ब नवे मिळतात; जहाजापाशी मरून काही मिळत नाही."

"मुद्दाम मरू? काका, तुम्हीच मरा."

"मी मरतोच आहे, पण तुझा शेवट बघितल्याशिवाय नाही. हे बघ, वादळात आम्ही जाळं कापून टाकतो. जाळ्यापायी बोट बुडवत नाही कोणी."

"एकही विमान न गमावता जाते मी, माझ्याकडे न तुटलेलं एवढंच तर आहे, काका. तेही कापू?"



आज दुकानाचा शेवटचा दिवस. हिसाए कारखान्यातून तडक आली, अंगावरचा ॲप्रनही तसाच. एक डाव गेला, दुसरा गेला, मग किती गेले कोण जाणे. प्रत्येक वेळी त्याच जहाजापाशी मी तिला मारले. संध्याकाळी आजीने शटर अर्धे ओढले. वीज तोडणारा माणूस दाराशी येऊन बसला होता.

"हा शेवटचा डाव हं, पोरी," आजी म्हणाली.

हिसाएच्या हातून नाणे दोनदा फटीवरून घसरले. मग ती खेळली, नेहमीसारखी, न चुकता, आणि मी नेहमीसारखा भडकत गेलो. शेवटच्या टप्प्याच्या तोंडाशी तिने अचानक दांड्यावरून हात काढला. विमान अधांतरी उभे राहिले. तिने ओठ दातांत दाबला आणि गोळी येऊ दिली. मागे उभ्या काकाने तोंडावर हात दाबला, रिवाज तो रिवाज. मी थंड झालो. किती वर्षे वाट पाहिली होती मी या एका मरणाची!

राक्षसी जहाज आले. तिने ते अर्धे फोडले, मग आणखी. हातातली विमाने गेली, एकच उरले. जहाजाचा जीव कंठाशी आला, आणि मित्रांनो, तेवढ्यात माझा पडदा कायमचा गेला. काळा ठिक्कर.

आजी सवयीने मूठ उगारून धावली.

"हात लावू नका!" हिसाए ओरडली. "चालू आहे! ऐकू येतंय मला!"

खरेच, आवाज शाबूत होता. माझ्या तोफांची चाल तिला पाठ होती. कान देऊन तिने अंधारात विमान हलवले आणि गोळ्या अंगाशी आल्या तसा एक बॉम्ब टाकला. लगेच दुसरा. दोन्ही त्या मुद्दाम पत्करलेल्या मरणाने दिलेले. मोठा स्फोट झाला, आणि मग माझ्या पोटातून एक सूर निघाला. हा सूर या दुकानाने कधी ऐकला नव्हता. मीही नाही.

"बघितलं नाही गं," काका डोळे पुसत म्हणाला. "पण ऐकलं. झाला शेवट."

जिंकणाऱ्याला दांडा हलवून नावाची तीन अक्षरे लिहायला मिळतात, अक्षर सरकले की टिक वाजते. हिसाएने दांडा चाचपत, टिक टिक मोजत ती लिहिली. तिला दिसली नाहीत. चुकली नाहीत, एवढे मला माहीत आहे. पण वीज गेली की माझ्यात कोणाचेच नाव राहत नाही.

म्हणून विनवतो. ज्याच्यावर कोणी जीव टाकतो, त्याला गुद्दे घालून दिवस काढू नका. वेळेत उघडून बघा. सुटलेल्या तारेला कथलाचा थोडा डाग दिला असता, तर माझा पडदा जगला असता, आणि आज तिने आपले नाव वाचले असते.

हिसाए अजून माझ्यासमोरून उठलेली नाही. वीजवाल्याने विचारले, "काढू का तार?"

तोमिनो आजीने त्याच्या हातात चहाचा पेला दिला.

"आधी हा घे," ती म्हणाली. "आणि सावकाश पी."