स्कॅरो म्हणून हाक मारली की

पपा गेले त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं बागेत पडलेली सफरचंदं वेचत होतो. बरीचशी किडकी निघाली.

"ठेव लायनेलला," पपा म्हणाले. "सगळं त्यालाच जाणार आहे, किडेही जाऊ देत."

लायनेल माझा चुलतभाऊ. पपांना मुलगा नव्हता, तेव्हा लॉर्ड हा किताब, घर, जमीन सगळं त्याचं होणार हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. स्कॅरो हे आमचं आडनाव नव्हे. ज्याच्याकडे किताब, त्याचं ते नाव. आजोबा वारले आणि पपा एका दुपारीत स्कॅरो झाले. त्यानंतर त्यांना ह्यू म्हणणारं कुणी उरलं नाही. आईसुद्धा स्कॅरोच म्हणायची.

गळकं छप्पर, कुळं, मेंढ्या, सगळं मीच बघत आले. हे घर तुला हवंय का, असं पपांनी कधी विचारलं नाही. मीही बोलले नाही.

त्या दिवशी लायनेल आणि त्याची बायको ऑनर तित्तिरांच्या शिकारीसाठी आले होते. चहा ओतताना आमच्या जुन्या कारभारीण टिंडलबाई लायनेलला म्हणाल्या, "दूध घालू, लॉर्डसाहेब?"

आमच्या घरी लॉर्डसाहेब एकच, पपा.

"टिंडलबाई," पपा म्हणाले, "एवढी घाई? निदान केक तरी संपवू द्या मला."

आम्ही हसलो. टिंडलबाई हसल्या नाहीत. "तोंडातून कसं गेलं, कळलंच नाही हो," त्या पुटपुटल्या.

सकाळी पपा अंथरुणात थंड सापडले.

दफन झालं. ऑनर लगेच नवऱ्याला स्कॅरो म्हणू लागली. पहिल्या हाकेला तो मागे वळून बघायचा, जणू आणखी कुणी ओ देईल म्हणून. मग वळायचा थांबला. खोलीत शिरण्याआधी खाकरू लागला.

"स्कॅरो, लंगडतोस का रे?" ऑनरने विचारलं.

"मी? छे!"

डावा पाय ओढतच तो जिना चढला. पपांचा डावा गुडघा युद्धात गेला होता.

मी गावातल्या लहान घरात जायचं ठरलं. एका दुपारी मी पुस्तकं बांधत होते. लायनेल पाठमोरा खिडकीशी उभा होता.

"चिमणे, खिडकी लाव गं. मेंढ्यांचा वास येतोय."

चिमणे म्हणायचे ते फक्त पपा, तेही आम्ही दोघंच असताना. लायनेलला ते ठाऊक असणं शक्यच नव्हतं.

त्याची पाठ ताठ झाली. "मी... काय म्हणालो आत्ता?" हा आवाज त्याचा स्वतःचा होता, घाबरलेला.

"वळू नकोस, लायनेल. बाहेरच बघ. हे तुझ्यासाठी नाहीये."

त्याने चौकट घट्ट धरली. डावा पाय हळूच सैल सोडला, पपा उभ्या उभ्या ऐकताना सोडायचे तसा.

"पपा," मी म्हणाले, "हे घर मला हवं होतं. तुम्ही देऊ शकत नव्हतात, माहीत आहे मला. पण एकदा विचारायचं होतंत."