हिरवी पडणारी नोट

"पडली! हिरवी पडली!"

बोलिव्हियातल्या ला पाझच्या चौकात एकच गलका उडाला. पुढच्या बायका मागच्यांना ढकलत होत्या, मागच्या पुढच्यांच्या टोप्या पाडत होत्या. चोवीस जानेवारी, अलासितासच्या जत्रेचा दिवस. भर बाराच्या ठोक्याला इवलीशी वस्तू विकत घ्यायची, तिला धूप दाखवायचा, की वर्षाच्या आत तीच वस्तू खरीखुरी घरात येते म्हणे. कुणी बोटभर घर घेतं, कुणी बोटभर ट्रक. खेळण्यातल्या नोटा तर टोपल्यांनी खपतात.

यंदा मात्र रोमुलो विल्यारपांदो नावाच्या महाभागानं खेळण्यातल्या नोटांचा धंदाच बुडवला. त्याच्या टेबलावर चाळीस वर्षांपूर्वीच्या महागाईतल्या, रद्द झालेल्या, पण खऱ्या नोटा होत्या. त्यांचा तो लिलाव करत होता.

"खेळण्याकडं मागाल तर खेळणंच मिळेल, मायबाप!" रोमुलो गळा ताणून ओरडत होता. "ही बघा! हिनं खरा बाजार पाहिलाय. ही आपला धनी स्वतः निवडते! या, हातावर पवित्र पाणी घ्या. ज्याचा हात लागून हिरवी पडेल, तोच तिचा धनी. पण लक्षात ठेवा हं, दुसऱ्यानं जास्त बोली लावली, तर नोट त्याची आणि तुमचं नशीबही त्याचंच!"

काय डोकं बघा! आधी नशीब हातावर ठेवायचं, मग ते दुसऱ्यानं पळवू नये म्हणून त्या धन्याकडूनच किंमत वाढवून घ्यायची.

गर्दीच्या मागं एलेउतेरियो काल्यिसाया मास्तर उभे होते. शाळेतून निवृत्त झालेले, जुन्या नोटा जमवायचा जन्मभराचा नाद. आज त्यांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं, कारण रोमुलोच्या टेबलावर चौकटीत घातलेली चिठ्ठी त्यांच्याच हातची होती: 'नोटा अस्सल आहेत.' गेल्या महिन्यात रोमुलो गड्डी घेऊन आला, मास्तरांनी भिंगातून पाहिली आणि लिहून दिलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. मात्र अशा नोटा लाखांनी पडून आहेत आणि एकीचे दोन पावसुद्धा येत नाहीत, हे त्यानं विचारलं नाही आणि मास्तरांनीही लिहिलं नाही.

आणखी एक गोष्ट त्यांना खटकत होती. भिंगाखाली नोटा तपकिरी होत्या. आज जांभळट कशा?

तेवढ्यात त्यांची धाकटी बहीण हिलारिया चाचपडत टेबलाशी पोचलेली दिसली. जांभळ्या मक्याची गरम पेज, आपी, विकून तिनं संसार ओढला. तिला काचबिंदू झाला होता. उरलेली नजर वाचवायला मंगळवारी ऑपरेशन ठरलं होतं, आणि त्याचे सगळे पैसे तिच्या शालीच्या गाठीत होते.

रोमुलोनं पांढरा तांब्या बाजूला सारून काळा उचलला, तिच्या तळव्यावर पाणी शिंपडलं, वर नोट ठेवली. कडा हिरव्या पडल्या.

"डोळ्यांचं दुखणं ना, मावशी? नोटेनं ओळखलं! वर्षाच्या आत सुईत दोरा ओवाल!"

लगेच एका टोपीवाल्यानं बोली लावली. हिलारियानं वाढवली. त्यानं आणखी वाढवली. चर्चच्या घड्याळात पावणेबारा झाले होते.

मास्तर कोपरं मारत पुढं घुसले. "अरे चोरा, माझ्याही हातावर ओत! मगाशी दुसऱ्यांना पांढऱ्या तांब्यातलं दिलंस ना? मला त्या काळ्यातलं दे."

"देवाची परीक्षा घेता, मास्तर? या वयात?"

लोक हसले. मास्तरांनी नोट उचलून हुंगली. मक्याचा वास! त्यांनी बहिणीच्या हातातल्या विक्रीच्या किटलीतली आपी आपल्या पांढऱ्या रुमालावर ओतली. रुमाल जांभळा झाला. शेजारी एक म्हातारा कोकाची पानं चघळत होता. त्याच्याकडून पानांबरोबर खायच्या राखेची चिमूट घेतली, पाण्यात कालवली आणि ओली बोटं रुमालावर दाबली. बोटांचे ठसे हिरवेगार उमटले.

"बघा! नोटा जांभळ्या मक्याच्या पाण्यात बुडवून वाळवल्यात. काळ्या तांब्यात राखेचं पाणी आहे, पांढऱ्यात साधं. ज्याच्याकडं पैसा दिसतो, त्याला काळ्यातलं! यात देव नाही आणि नशीबही नाही!"

लोक रुमाल बघायला पुढं सरकले.

"पाहिलंत?" रोमुलो गरजला. "मास्तरांच्या हातालाही गुण आला!"

टाळ्या कडाडल्या. दोन बायका मास्तरांपुढं आपले रुमाल धरून उभ्या राहिल्या. "आमच्यावर पण बोटं टेकवा की, बाबा." मास्तरांना रडू फुटायचं बाकी होतं.

त्यांनी हिलारियाचं मनगट धरलं. "तू तरी ऐक. तुला समजलं ना?"

"दादा, तीस वर्षं आपी ढवळतेय मी. राख पडली की ती हिरवी होते हे मला शिकवतोस? नोट हातावर आली तेव्हाच वास आला मला."

"मग कशाला बोली लावतेस, बाई?"

"डॉक्टरला तीनदा विचारलं, दिसेल ना? तिन्ही वेळा म्हणाला, प्रयत्न करू, बघू. दिसेल असं हा एकटाच म्हणाला रे." तिनं हात सोडवून घेतला. "सोड. बारा वाजतायत."

घंटा सुरू झाली. हिलारियानं गाठीतले सगळे पैसे बोलीत लावून टाकले. टोपीवाला तत्काळ गप्प झाला आणि गर्दीत दिसेनासा झाला. साडेबाराला रोमुलोही नव्हता, टेबलही नव्हतं.

चौकीतल्या शिपायानं मास्तरांचं सगळं शांतपणे ऐकलं. "नोट अस्सल असं तुम्हीच लिहून दिलंत ना? मग फसवलं कुठं?"

मंगळवारी ऑपरेशनची वेळ दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. हिलारिया घरी खिडकीशी बसून नोट डोळ्यांजवळ नेत होती, लांब करत होती.

"दादा, हिरवी आहे ना अजून?"

खोटं बोलावं असं मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. "नाही गं. मळकट झालीय."

"असू दे." तिनं नोट घडी करून चोळीत ठेवली. "वर्ष आहे अजून."

वाचकहो, काचबिंदू वर्षभर थांबत नाही. गेलेली नजर कुठल्याच नोटेनं परत येत नाही. चमत्कार दाखवणारा भेटला तर एकाच तांब्यातलं पाणी सगळ्यांच्या हातावर ओतायला लावा, आणि तो घाई करू लागला की खिसा धरून घरी चालू लागा. 'होणारच' म्हणणारे रस्तोरस्ती मिळतील. 'बघू' म्हणणारा डॉक्टर खरं बोलत असतो. ते ऐकायला जड जातं, मान्य आहे. तरी त्याच्याकडंच जा, आणि ठरलेल्या मंगळवारी जा.