सरळ रेघ

मित्रांनो, मी प्रसूती विभागातला एक जुना मॉनिटर आहे. आईच्या पोटावर माझी चकती पट्ट्याने बांधतात आणि मी आतल्या बाळाच्या हृदयाचे ठोके कागदावर रेघेने उमटवतो. कारखान्यात मला तपासणाऱ्या बाईंनी ती रेघ पाहून मान डोलावली होती. तेवढेच माझे कौतुक. इथल्या शहाण्यांनी माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवले आणि माझ्याकडे येता-जाता घड्याळासारखे बघितले.

एका सकाळी आठव्या महिन्यातली एक शिवणकाम करणारी बाई आली. रक्तदाब वाढलेला, पाय सुजलेले. "कालपासून बाळ फारसं हलत नाहीये," ती म्हणाली. सिस्टरने लगेच मला जोडले.

तासाभराने मोठे डॉक्टर आले. मोठे कसले, नुसता आवाज मोठा. त्यांनी माझ्यावरचा मिनिटाच्या ठोक्यांचा आकडा तेवढा बघितला.

"एकशे चाळीस! झकास. बाळ झोपलंय. घरी जाऊन आराम करा."

आकडा खरा होता. पण निरोगी बाळाचे ठोके सतत थोडे कमी-जास्त होतात, म्हणून रेघ दातेरी येते. ही रेघ पट्टीने आखल्यासारखी सपाट होती. बाळ आत गुदमरत होते आणि हे विद्वान निघाले होते.

सिस्टर कागद घेऊन आडवी आली. "सर, तास झाला. कूस बदलून पाहिली. झोपलेलं बाळ इतका वेळ असं राहत नाही."

"आता तुम्ही मला शिकवणार?"

"नाही सर. 'घरी पाठवा' एवढं लिहून सही करा, मी पाठवते."

सहीचे नाव काढताच महाशयांनी चष्मा लावला. माझी रेघ त्यांनी पहिल्यांदाच वाचली, तीही स्वतःच्या भीतीपोटी. चेहरा पडला.

"ऑपरेशनची तयारी करा. लगेच!"

मुलगी झाली. निळसर, निपचित. सिस्टर तिची पाठ चोळत राहिली आणि अखेर बारीकसे रडू आले.

"रडली का हो?" आईने विचारले.

"रडली की! आता कान किटतील तुमचे."

बाहेर डॉक्टर तिच्या नवऱ्याला सांगत होते, "मला बघताक्षणीच शंका आली होती." मला तोंड असते तर मी थुंकलो असतो.

आता मी अडगळीत आहे. माझ्या जागी रंगीत पडद्याचा मॉनिटर आहे. त्याचाही आकडाच बघतात.

मित्रांनो, माझी कीव नको. पण उद्या तुमच्यापैकी कुणी डॉक्टर झाले, तर खुर्ची ओढून बसा, आईचे पुरते ऐका, रेघ शेवटपर्यंत वाचा. तेवढी सवड नसेल, तर मेहेरबानी करून दुसरे काहीतरी व्हा.