भागीच्या चौकाचं पीठ

मी एक जुनी पिठाची गिरण आहे मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर आता दमले आहे. बोईसरच्या बाजारात, दोन मोबाइलच्या दुकानांच्या मध्ये मी अंग चोरून उभी असते. माझे मालक नरहरीशेठ. त्यांच्या वडिलांनी मला इथे बसवलं तेव्हा समोर भाताची खाचरं होती. आता तिथे उंच इमारती आहेत आणि दुपारनंतर मला ऊनसुद्धा मिळत नाही.

तेव्हा माझं कौतुक काय विचारता! दसऱ्याला झेंडूचा हार मिळे. टाकीवाला नेमाने येई आणि छिन्नीने ठोकून माझ्या दगडांना धार लावून जाई. आता लोक पिठाच्या पिशव्या विकत आणतात. टाकीवाल्याचं नाव काढलं की नरहरीशेठ म्हणतात, "चालतंय ना, चालू दे." बोथट दगडांनी दळणं म्हणजे काय, ते त्यांना कोण सांगणार?

तरी उरलेलं गिऱ्हाईक कुठलं कुठलं! किनाऱ्यावरच्या नवापूरच्या काशीबाई मासळी विकून झाली की भाकरीचे तांदूळ आणतात. डोंगराकडची माणसं नागली, म्हणजे नाचणी, आणतात. कारखान्यांतले बिहारकडचे कामगार सत्तूसाठी भाजलेले चणे आणतात. सगळ्यांचं माझ्याच पोटातून जातं, आणि आधीच्याचं थोडं पीठ आत चिकटून पुढच्याच्या डब्यात पडतं. म्हणून चणे दिवसाच्या शेवटी दळायचे, असा या धंद्याचा नियम आहे.

एका शुक्रवारी तो मोडला. शुक्रवारी इथे कारखान्यांना सुट्टी असते. सकाळीच एक कामगार चणे घेऊन आला आणि गिऱ्हाईक परत जाऊ नये म्हणून नरहरीशेठनी ते दळून दिले. त्याच्या मागोमाग आली पाड्यावरची भागी. फडक्यात बांधलेले तांदूळ तिने छातीशी धरले होते.

"भाऊ, उद्या माझे पोरीचा, मोनालीचा लगीन हाय. चौकाला पीठ पाहजे. पांढराच पाहजे."

पाड्यावरच्या लोकांत लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. चौकाशिवाय मोनालीचं लग्न लागणार नव्हतं. घरचं जातं फुटलं म्हणून भागी इथवर आली होती, आणि स्वतःच्या वावरातले तेवढेच तांदूळ तिने राखले होते. बाकीचे केव्हाच खाऊन संपले होते.

नरहरीशेठनी आत बोट फिरवलं. पिवळं निघालं.

"आधी थोडे तांदूळ घालून दगड साफ करावे लागतील. तुझे अर्धे त्यातच जातील गं."

सोडलेली गाठ भागीने पुन्हा बांधायला घेतली. मला फार वाईट वाटलं. दगडांना धार असती तर एवढं चिकटलंच नसतं.

तिच्या मागे काशीबाई उभ्या होत्या. "ए नरहरी, माझा डबा वत आधी."

"मावशी, नंबर माझा हाय," भागी हळूच म्हणाली.

"तुझाच हाय गो. पन माझे तांदूळ पयले जाऊ दे. पिवळा सगला माझे डब्यान येल, मंग तुझा दळ."

चणेवाला कामगार अजून पिशवी बांधत होता. तो ओशाळला. "माफ करना माई, हमको मालूम नहीं था."

"तुझा काय चुकला? हा नरहरीच सुधरत नाय," काशीबाई म्हणाल्या. नरहरीशेठ मान खाली घालून डबा ओतू लागले.

काशीबाईंचं पीठ पिवळसर पडलं. मग शेठनी कापडी नळी झटकली आणि भागीचे तांदूळ घातले. दमलेली असले तरी मी जीव ओतून फिरले. भागीने चिमूटभर पीठ तळहातावर घेऊन दाराशी उजेडात पाहिलं आणि पदराने डोळे पुसले. पीठ पांढरंशुभ्र होतं.

पुढच्या आठवड्यात भागी नागली घेऊन आली. मागून काशीबाई आल्या.

"उठला काय गो चौक?"

"उठला मावशी. पांढराफेक."

"माझ्या भाकऱ्या पिवळ्या झाल्या. नातवान दोन जास्त खाल्ल्या, मेल्यान."

नरहरीशेठ नागली ओतणार, तोच भागीने त्यांचा हात धरला. "मावशीचे तांदूळ आधी दळ भाऊ. माझी नागली मंग." नागलीने काशीबाईंचं पीठ काळपट झालं असतं. भागी आपली पिशवी घेऊन मागे सरली आणि म्हणाली, "धाकटीचे चौकाचा पीठ पन मी हितंच दळंन."

मित्रांनो, माझे दगड अजून बोथटच आहेत. माणसं एकमेकांसाठी रांगेत मागे सरतात, तेव्हा मला थकून चालत नाही. पण दगडाला टाकी लागते, ती गरज कौतुकाने भागत नाही. तुमच्या गल्लीत माझ्यासारखी एखादी असेल, तर तिच्या मालकाला टाकीवाल्याची आठवण करून द्या. आणि बोईसरला आलात, तर नरहरीशेठनाही सांगा. भागीची धाकटी आता लग्नाला आली आहे.